राक्षस, नायक आणि एक लाल रांग

पुणे विद्यापीठाच्या चौकात अडकलेला माणूस दोनच गोष्टी करू शकतो: शिव्या देणं किंवा विचार करणं. शिव्या देऊन कंटाळा आला की मग विचार सुरू होतात. २०२० मध्ये तिथला जुना उड्डाणपूल पाडला, तेव्हापासून तर मला विचार करायला भरपूरच वेळ मिळाला. हिंजवडीला नोकरी आणि शिवाजीनगरला घर असलेल्या माणसाने आयुष्यातले किती महिने या गणेशखिंड रस्त्यावर काढले, याचा हिशोब मी एकदा मांडायला घेतला होता. आकडा मोठा व्हायला लागला तसा सोडून दिला.

असाच एकदा अडकलेलो असताना लक्षात आलं की आपण इतिहासातल्या एका फार प्रसिद्ध रस्त्यावर उभे आहोत. २२ जून १८९७ ची रात्र. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी होती. मध्यरात्रीच्या सुमाराला पाहुण्यांच्या घोडागाड्या परत निघाल्या. त्यातल्या एका गाडीत पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड होता. 'गोंद्या आला रे' ही खुणेची आरोळी झाली, दामोदर चापेकर मागून गाडीवर चढले आणि त्यांनी गोळी झाडली. मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टला बाळकृष्ण चापेकरांनी गोळी घातली. आयर्स्ट तिथेच मेला, रँड ३ जुलैला.

ही गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण वरचा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा. मी लिहिताना काही ठरवलं नव्हतं, तरी रँड 'होता', आयर्स्ट 'मेला', आणि चापेकर 'चढले', त्यांनी गोळी 'झाडली'. एकाला एकवचन, दुसऱ्याला आदरार्थी बहुवचन. इंग्रजीत हे लपून राहिलं असतं. मराठीत क्रियापदच निकाल देऊन मोकळं होतं.

आणि नुसतं क्रियापद नाही. आपण 'रँडचा वध' म्हणतो. 'खून' हा पोलिसांचा शब्द, 'हत्या' हा वर्तमानपत्राचा. वध कोणाचा होतो? कंसाचा, जरासंधाचा, अफझलखानाचा. ज्याचा वध होतो तो आधीच राक्षस ठरलेला असतो, त्यामुळे मारणाऱ्याला पाप लागत नाही. पुढे १९०७ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'कीचकवध' नाटक लिहिलं तेव्हा प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसायला वेळ लागला नाही, आणि सरकारलाही लागला नाही. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. म्हणजे एक शब्द बरोबर बसला की अख्खी गोष्ट त्याच्या मागून येते.

मला प्रश्न पडला तो असा, की हा शब्द बसवतं कोण आणि कशावरून? १८९७ चा प्लेग हा त्यासाठी फार चांगला नमुना आहे. कारण एकाच साथीत, एका वर्षात, एकाच मुलखात बरीच माणसं या यंत्रातून गेली. काही राक्षस होऊन बाहेर पडली, काही नायक, आणि काही आधी हे मग ते.

सुरुवात रँडपासूनच करू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. तो ओळखणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस मूळचे गोव्याचे. (मेट्रो सिनेमाच्या समोर त्यांचा पुतळा आहे, आणि त्याच्याकडे बघायला कोणालाही वेळ नसतो.) थोड्याच महिन्यांत प्लेग पुण्यात पोचला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा केला. हा कायदा वाचण्यासारखा आहे, कारण तो इतका छोटा आहे की एका पानात बसतो. मुळात चारच कलमं. साथ आली की सरकारला जे जरूर वाटेल ते करता येईल, न पाळणाऱ्याला शिक्षा होईल, आणि चौथं कलम असं की या कायद्याखाली सद्हेतूने काही करणाऱ्याविरुद्ध कोणालाही दावा लावता येणार नाही. 'सद्हेतूने' हा शब्द लक्षात ठेवा.

रँड त्याआधी सातारा जिल्ह्यात अधिकारी होता. १८९४ च्या वाईच्या प्रकरणात, मशिदीजवळ वाद्यं वाजवण्याच्या वादात, त्याने गावातल्या प्रतिष्ठित मंडळींना तुरुंगात घातलं होतं. त्यामुळे पुण्यात तो यायच्या आधीच त्याचं नाव पोचलेलं होतं. त्याच्या कमिटीत आणखी दोघे होते: डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचा मेजर पॅजेट आणि लष्करी डॉक्टर बेव्हरिज, ज्याला १८९४ च्या हाँगकाँगच्या प्लेगचा अनुभव होता. १३ मार्चपासून गोऱ्या आणि देशी सैनिकांच्या तुकड्या पेठांमधून घरोघर शिरायला लागल्या. रोगी लपवलाय का ते बघायचं. सापडला तर इस्पितळात, घरातले बाकीचे सेग्रिगेशन कॅम्पात. घर कार्बोलिकने धुवायचं, जमीन उकरायची, कपडेलत्ते आणि सामान जाळायचं. काखेत किंवा जांघेत गाठ आहे का हे तपासायचं, पुरुषांचं आणि बायकांचंही. सोवळ्यात बूट, देवघरात बूट. मे महिन्याच्या एकोणीस तारखेपर्यंत हे चालू होतं.

आता एक इंजिनिअर म्हणून मला इथे सगळ्यात जास्त काय टोचतं ते सांगतो. यातलं बरंचसं निरुपयोगी होतं. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण तो पसरतो कसा हे कोणाला माहीत नव्हतं. उंदरावरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, आणि ते जगाच्या गळी उतरायला आणखी आठ-दहा वर्षं गेली. म्हणजे रँडची कमिटी लोकांच्या ट्रंका उघडून बघत होती तेव्हा खरा गुन्हेगार भिंतीच्या बिळात मरून पडला होता आणि त्याच्या अंगावरच्या पिसवा नवीन घर शोधत होत्या. बग एका मोड्यूलमध्ये आणि आख्खी टीम दुसऱ्याच मोड्यूलची फोडाफोड करतेय, असा प्रकार.

पण रँडला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नव्हतं. त्याच्या हाताशी जे त्या काळचं शास्त्र होतं त्याप्रमाणे तो वागला. त्याच्या कमिटीच्या अहवालात समाधानाने नोंदवलंय की सैनिकांनी मुद्दाम कोणा स्त्रीची बेअब्रू केल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही. मला हे वाक्य रँडला समजून घ्यायला फार उपयोगी वाटतं. तो खोटं बोलत होता असं मानायची गरज नाही. त्याच्या टेबलावर तक्रार आली नाही, म्हणून तक्रार नव्हती. बुधवार पेठेतली बाई रस्त्यावर सोजिरासमोर उभी राहिल्याची तक्रार सोजिराच्या साहेबाकडे जाऊन लिहून देईल, अशी त्याची कल्पना असावी.

मग रँड राक्षस नव्हता का? थांबा, इतकं सोपं नाही. त्याला पर्यायच नव्हता असं म्हणायची सोय इतिहासाने ठेवलेली नाही. रँडच्या खुनानंतर आणि मार्च १८९८ मध्ये मुंबईत प्लेगच्या तपासणीवरून दंगल झाल्यानंतर सरकारने स्वतःच हात सैल सोडला. जातीजातींना स्वतःची इस्पितळं काढू दिली, सक्ती कमी केली, स्थानिक माणसांना बरोबर घेतलं. म्हणजे हे आधीही करता आलं असतं. गंमत म्हणजे सुरुवातीला टिळकही रोगी वेगळे काढण्याच्या विरोधात नव्हते; पुढारी पुणं सोडून पळाले याबद्दल त्यांनी त्यांना झोडपलंही होतं, आणि ते स्वतः गावात राहून हिंदू प्लेग इस्पितळाच्या कामात होते. भांडण 'काय' याच्यावर नव्हतं, 'कसं' याच्यावर होतं. आणि 'कसं' ठरवताना रँडने लोकांना विचारलं नाही. राक्षस व्हायला वाईट हेतू लागत नाही, एवढं पुरतं.

आता चापेकर. चिंचवडचं कीर्तनकाराचं घर. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव, तिघे भाऊ फासावर गेले. दामोदर १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात, बाकीचे दोघे आणि त्यांचे मित्र महादेव रानडे पुढच्या मे महिन्यात, चार-पाच दिवसांच्या अंतराने. एका आईचे तीन मुलगे. त्यापुढे बोलायला शब्द नसतात, आणि नसावेतही.

पण दामोदरपंतांनी तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त वाचलं की चिंचवडच्या चौकातल्या पुतळ्यात न मावणारा माणूस समोर येतो. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासून खेटरांची माळ घातली ती यांनीच, हे आपल्याला आवडतं. पण समाजसुधारकांवर त्यांचा तितकाच राग होता आणि सुधारकांना गाठून मारहाण केल्याचंही त्यांनी लिहिलंय. धर्म बुडवणारे म्हणजे इंग्रज आणि सुधारक, दोघेही एकाच यादीत. हा भाग आपण वगळतो. मुद्दाम वगळतो असंही नाही, तो चित्रात बसत नाही एवढंच.

चित्रात आयर्स्टही बसत नाही. त्याच्याशी कोणाचं वैर नव्हतं. तो रात्री मेजवानीहून घरी चालला होता. 'रँडचा वध' म्हणताना 'आयर्स्टचा' काय म्हणायचं? वध नाही म्हणता येत. म्हणून मग काहीच म्हणत नाही. १९७९ मध्ये जयू आणि नचिकेत पटवर्धनांचा '२२ जून १८९७' हा अतिशय सुंदर चित्रपट आला, मिळाला तर जरूर बघा. पण तो बघून आलेल्या माझ्या मित्रांना (सगळे हुशार, सगळे पुणेकर) मी विचारलं की त्या रात्री किती माणसांना गोळ्या लागल्या, तर चारातल्या तिघांनी सांगितलं, एक.

द्रविड बंधूंचं उलट. त्यांनी दामोदरची माहिती पोलिसांना दिली. सरकारने वीस हजारांचं बक्षीस लावलं होतं, १८९७ चे वीस हजार. ८ फेब्रुवारी १८९९ ला वासुदेव चापेकर आणि रानडे यांनी त्यांना मारलं. आता सरकारच्या दप्तरात द्रविड म्हणजे कायदा पाळणारे साक्षीदार, आणि आपल्या दप्तरात फितूर. माणसं तीच, तारीखही तीच, फक्त रकाना वेगळा.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते एका चौथ्याच माणसाबद्दल. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनसमोर साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. वय एकतीस. पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रं येत होती की सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केलेत. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या व्यवस्थेत मुलींचे काय हाल होतात याबद्दल जाहीरपणे लिहिलं होतं. गोखल्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला हे सांगितलं. मोठी खळबळ झाली, पार्लमेंटात प्रश्न आले, मुंबई सरकारने साफ इन्कार केला. गोखले परत आले आणि ज्यांनी पत्रं लिहिली होती त्यांना म्हणाले, आता पुरावा द्या. कोणी पुढे आलं नाही. नावही घ्यायचं नाही म्हणाले. गोखल्यांनी नावं घेतली नाहीत. त्यांनी गव्हर्नरची, कमिटीची आणि सैनिकांची जाहीर माफी मागितली.

बस, झालं. आदल्या महिन्यात जो माणूस शेराला गुहेत जाऊन सुनावणारा होता तो भित्रा ठरला. त्या वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्ये त्यांना बोलूही दिलं गेलं नाही. आठ वर्षांनी, १९०५ मध्ये, तेच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, हा भाग वेगळा. पण विचार करा. या आख्ख्या प्रकरणात 'मला जे सिद्ध करता येत नाही ते मी परत घेतो' असं म्हणणारा एकच माणूस निघाला, आणि त्याला आपण त्याबद्दल शिक्षा केली. ज्यांनी पत्रं लिहून अंग काढून घेतलं त्यांचा राग कोणालाच आला नाही, कारण त्यांना चेहरा नव्हता.

हा 'चेहरा' शब्द मला हवा होता. तो घेऊन आता मुंबईला जाऊ, कारण याच साथीतली पुढची गोष्ट तिथे घडली.

वाल्डेमार हाफकिन, जन्म १८६० चा, ओडेसाचा ज्यू. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कॉलऱ्याची लस तयार करून भारतात आलेला. १८९६ च्या ऑक्टोबरात त्याला मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या भांडवलावर तीन महिन्यांत त्याने प्लेगची लस केली. १० जानेवारी १८९७ ला ती पहिल्यांदा टोचून घेतली ती स्वतःच्या अंगात, आणि डोसही नंतर लोकांना दिला त्याच्या कितीतरी पट मोठा. मग भायखळ्याच्या तुरुंगात प्रयोग झाले. आगाखानांनी स्वतः चारचौघांत लस टोचून घेतली आणि त्यांच्यामागून हजारो खोजांनी. ज्या जानेवारीत हाफकिन स्वतःला सुई टोचत होता त्यानंतर दोनच महिन्यांत पुण्यात ट्रंका उघडायला सुरुवात झाली.

हाफकिन नायक झाला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्मेंट हाउसमध्ये त्याची प्रयोगशाळा आली. आणि मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबात मुलकोवाल नावाच्या गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाटलीचा नंबर ५३ एन.

चौकशी समिती बसली. तिला कळलं की हाफकिनने लस निर्जंतुक करायच्या पद्धतीत बदल केला होता. कार्बोलिक घालण्याऐवजी नुसती उष्णता. प्रोसेस बदलली होती, लगेच पुढे माणसं मेली, म्हणजे दोष बदलाचाच. ज्याने रविवारी रात्री रिलीज केलंय आणि सोमवारी सकाळी सिस्टम पडलेली बघितलीय त्याला ही भावना चांगली माहीत असेल. सगळ्या खोलीच्या नजरा एकाच खुर्चीकडे वळतात. हाफकिनला पदावरून काढलं, बिनपगारी, आणि तो इंग्लंडला गेला. त्यानंतरची चार-पाच वर्षं तो एकोणीस जणांना विष टोचणारा माणूस होता.

खरं काय होतं? लस टोचण्याच्या जागी, मुलकोवालमध्ये, बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. त्याने तो नीट न उकळता नुसता कार्बोलिकमध्ये बुचकळला आणि पुढे वापरला. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. बाटली मुंबईत भरून सहा आठवडे झाले होते. त्यात तेव्हाच जंतू गेले असते तर उघडल्याबरोबर घाणेरडा वास यायला हवा होता. तो आला नव्हता. हे सगळे मुद्दे कागदपत्रांमध्ये होते. १९०७ च्या जुलैमध्ये रोनाल्ड रॉस (तोच, मलेरियावाला) आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'ला पत्र लिहून हे जगासमोर मांडलं तेव्हा कुठे हाफकिन निर्दोष ठरला. भारतात परत आला, पण मुंबईत जागा रिकामी नव्हती, म्हणून कलकत्त्याला. पहिल्यासारखं काम त्याला पुन्हा कधीच मिळालं नाही. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिलं. १९३० मध्ये तो लोझानला वारला.

इथे चिमटा पाडणाऱ्या मदतनिसावर सगळं ढकलून मोकळं व्हायचा मोह होतो. मलाही झाला. पण तेही तेच झालं: एक चेहरा काढून दुसरा लावणं. बरोबर प्रश्न हा आहे की चिमटा पडला तर काय करायचं हे त्याला कोणी, किती नीट शिकवलं होतं. आणि १०७ माणसं रांगेत उभी असताना चिमटा उकळण्यासाठी थांबायची त्याला मुभा होती का. असले प्रश्न कंटाळवाणे असतात. त्यांच्यावर नाटक लिहिता येत नाही.

तर मला वाटतं ते थोडक्यात असं. साथ येते तेव्हा घडतं ते पद्धतींमुळे: एका पानाचा कायदा, चुकीचं शास्त्र, घाईत शिकवलेली माणसं, न विचारता घेतलेले निर्णय. पण पद्धतीचा राग येत नाही आणि पद्धतीची पूजाही करता येत नाही. त्याला चेहरा लागतो. चेहरा मिळाला की आपल्याला बरं वाटतं, आणि त्याच क्षणी पद्धत मागच्या दाराने सुटून जाते. रँड मेला, कायदा राहिला. पुढे सव्वाशे वर्षं राहिला.

नायकांचंही तसंच. ज्या गणेशखिंडीच्या बंगल्यातून रँड त्या रात्री निघाला, ती आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. शाळेत शिकवायला जाताना सावित्रीबाईंवर याच शहरातल्या लोकांनी शेण आणि चिखल फेकला होता, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या कशाने गेल्या हे किती जणांना माहीत आहे? प्लेगने. १० मार्च १८९७, रँडच्या तुकड्या पेठांत शिरायच्या तीन दिवस आधी. मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला माळावर रोग्यांसाठी दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाई पाठीवर घेऊन तिथे आल्या, असं सांगतात. वय सहासष्ट. रोगी घरातून हलवायचा, वेगळा ठेवायचा, उपचार करायचे: काम रँडच्या कमिटीचंच. 'कसं' मात्र वेगळं. आपण ज्या चेहऱ्यावर शेण फेकलं तोच नंतर फोटोत लावला, आणि दोन्ही वेळा काम बघायचं राहूनच गेलं.

आता शेवटचं. हे सगळं मी गेली चार-पाच वर्षं वाचतोय, त्याला कारण आहे.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा तोच १८९७ चा कायदा लागू झाला. २२ तारखेला संध्याकाळी पाच वाजता आमच्या सोसायटीत सगळ्यांनी गॅलरीत येऊन थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक नर्स भाड्याने राहायची, एका इस्पितळाच्या कोविड वॉर्डात होती. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. त्या दिवशी तिच्यासाठी टाळ्या जरा जास्तच झाल्या.

कमिटीने मला एक काम दिलं, कारण मी 'कम्प्यूटरवाला'. कोणत्या फ्लॅटमध्ये कोण आजारी, कोणाला काय सामान हवंय, याची यादी. मी एक झकास गूगल शीट बनवली. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे ताप, लाल म्हणजे धोका. इस्पितळात काम करणाऱ्यांची रांग आपोआप लाल होईल असा फॉर्म्युला लावला. मला अजून आठवतं, फॉर्म्युला पहिल्या झटक्यात चालला तेव्हा मला आनंद झाला होता. हेतू? एकदम सद्.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या शीटचा फोटो ग्रुपवर टाकला. मग लिफ्टपाशी कागद लागला. मग दूधवाल्याने तिसरा मजला सोडला. मग घरमालकाला फोन गेला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती एका छोट्या टेम्पोत गादी आणि दोन बॅगा टाकून निघून गेली. त्याच आठवड्यात सरकारने वटहुकूम काढून त्या जुन्या कायद्यात दुरुस्ती केली होती, डॉक्टर-नर्सना त्रास देणाऱ्यांना कडक शिक्षेची. मी खिडकीतून टेम्पो बघितला. खाली गेलो नाही.

ट्रंका मी उघडल्या नाहीत. मी फक्त कोणाच्या ट्रंका उघडायच्या त्याची यादी बनवली.

मागच्या वर्षी मी तिचा नंबर शोधून फोन केला. तिने ओळखलं, बरी बोलली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज सकाळी तिच्या दाराला दुधाची पिशवी अडकवून जायच्या, ते तिच्या लक्षात होतं. (मला ते माहीतच नव्हतं. आजी २०२२ मध्ये गेल्या. ग्रुपवर चार ओळींची श्रद्धांजली आली, त्यात दुधाचा उल्लेख नव्हता.) मग मी सांगितलं की ती लाल रांग मी केली होती.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अहो, मला वाटायचं ती तुमच्या सेक्रेटरींनी केली. मी इतकी वर्षं त्यांना शिव्या घालतेय."

मी म्हटलं, आता मला घाला. ती हसली नाही. "बघू," म्हणाली, आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

सेक्रेटरी काकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना बिचाऱ्यांना पत्ताही नाही की ते इतकी वर्षं कोणाच्या तरी गोष्टीत राक्षस होते. या शनिवारी त्यांच्याकडे जाऊन सांगायचं ठरवलंय. चहा मिळेल की नाही माहीत नाही.